बिस्किटांची पैज आणि माझी लबाडी

वच्छला, काल तुझी तेरवी झाली. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा वाटलं, ही दुसरीच कुणी वच्छला असेल, पलीकडच्या गावची.

तू गेलीस त्या सकाळी साडेनऊला तर आपण फोनवर भांडलो. मी नागभीडला, तू मोहर्लीत. मी म्हणत होते, सोमवारी येते, कोहळं पिकून बसलंय, आपण पुन्हा कुत्र्यांची बिस्किटं भाजू. तू म्हणालीस, "मले नाई कराचं आता ते." मी म्हटलं, "काऊन नाई कराचं? वर्ष होऊन राह्यलं." तू म्हणालीस, "तुले दुसरं काम नाई का व?" मी म्हटलं, "नाई." एरवी यावर तू हसली असतीस. हसली नाहीस. मग मी रुसल्याचं सोंग आणलं, "ठेव मंग" म्हटलं आणि फोन मीच आधी बंद केला.

दुपारी बाराला रेखाचा फोन. माझी लेक, तुझी सून. तू ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत बसली होतीस आणि बसल्या जागी एका कुशीला कललीस. प्रमोदनं, तुझ्या लेकानं, तुला जिप्सीत घातलं. रोज पाहुण्यांना वाघ दाखवायला नेतो, त्याच जिप्सीत. चंद्रपूरच्या रस्त्याला लागला, आणि अर्ध्या वाटेवर त्यानं गाडी हळू केली. घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मी रेखाला म्हटलं, "खोटं बोलू नोको. आत्ता त बोलली माह्याशी." माझ्याशी भांडलेल्या माणसानं निदान संध्याकाळपर्यंत तरी जगावं, असा जणू कायदाच आहे. रेखा रडत होती आणि मी तिला समजावत होते की तिचं काहीतरी चुकतंय, सूप कुठं आहे बघ, तांदूळ पाखडून झाले का बघ. काय बोलत होते, माझं मलाच ठाऊक नाही. अजूनही फोनच्या यादीत तुझं नाव वर दिसतं आणि हात आपोआप तिकडे जातो.

मला तुला एक गोष्ट सांगायची होती. तुझ्या कुत्र्याबद्दल, ठेकेदारबद्दल. वर्षभर सांगायची होती. त्या सकाळीही ती तोंडापर्यंत आली होती आणि तिच्याऐवजी "ठेव मंग" बाहेर पडलं. ती सांगायला आज बसले आहे. पण मी सरळ मुद्द्यावर येणारी बाई असते, तर ही वेळच आली नसती. तेव्हा थोडी फिरून येते.

चारचौघांत आपण विहिणी-विहिणी. "ईनबाई, तुम्ही घ्या ना", "नाई नाई ईनबाई, आधी तुम्ही". चुलीपाशी दोघीच असलो की तू आणि मी. हे आता चारचौघं वाचतील, तरी तूच म्हणणार आहे.

रेखाच्या सोयरिकीला मी पहिल्यांदा तुझ्या घरी आले ते आठवतं? मला आठवलं की आजही पदरानं तोंड झाकावंसं वाटतं. तेव्हाची मी म्हणजे काय ऐट. पिशवीत स्वतःचा पेला घालून आणला होता, जंगलातल्या घरी कसं पाणी देतील कोण जाणे म्हणून. माझं घर नागभीडला रेल्वेच्या फाटकाजवळ, म्हणजे मी जणू राजधानीतून आलेली. तुझ्या चुलीशेजारी एक पिवळं कुत्रं राखेत पाठ शेकत पडलं होतं. मी दोन्ही पाय उचलून बाजेवर घेतले आणि म्हटलं, "हाड." ते हललं नाही. मी पुन्हा म्हटलं, "हाड, हाड." तू चहा गाळता गाळता, वर न बघता म्हणालीस, "तो बहिरा नाई, ईनबाई. तो घरचा आहे."

मी अर्धा चहा तसाच सोडला. परतीच्या गाडीत ह्यांना म्हटलं, "लेक देऊन राह्यलो का कुत्र्याच्या घरी?" ह्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "मले त चहा मस्त लागला."

कुत्र्याची भीती मला माहेरापासूनची. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासरच्या अंगणात वीतभर पिल्लू शिरलं, आणि नवी नवरी हिरव्या शालूनिशी धानाच्या पोत्यावर चढून बसली. सासू म्हणाली, "उतर, बाई, ते तुले भेऊन राह्यलं." ही कथा मी तुला सांगितली तेव्हा तू इतकी हसलीस की तुझ्या हातातलं भाकरीचं पीठ चुलीत पडलं. मग तू माझा हात धरलास आणि ठेकेदारच्या डोक्यावर नेऊन ठेवलास. माझं वय तेव्हा पासष्ट. कुत्र्याचं डोकं गरम असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ठेकेदार हे त्या पिवळ्या कुत्र्याचं नाव तूच ठेवलेलं. दिवसभर काहीही न करता सगळ्यांच्या पुढं उभा राहायचा, म्हणून. पण अंधार पडू लागला की त्याच्यासारखा चौकीदार नव्हता. तुमच्या घरामागं घाणेरीची झुडपं, आणि त्यांच्यामागं सगळं जंगल. पान हललं तरी त्याचे कान उभे.

बिस्किटांचं खूळ कुणामुळं शिरलं? रेखाच्या होमस्टेला ते पुण्याकडचं जोडपं आलं होतं, सोबत पांढरं केसाळ कुत्रं. जाताना ते त्याच्या बिस्किटांचं पाकीट विसरले. हाडाच्या आकाराची बिस्किटं. तू एक उचलून स्वतःच चावलंस. रेखा तुला मामी म्हणायची; ती ओरडली, "मामी, ते कुत्र्याचं आहे." तू शांतपणे चघळलंस आणि म्हणालीस, "आपल्या कणीच्या भाकरीसारखंच त लागून राह्यलं. बिना मिठाचं. हे त आपण घरीच करू."

आणि आपण केलं. तुकड्या तांदळाचं, कणीचं पीठ, शिजवलेलं लाल कोहळं, एक अंडं. जनावरांच्या डॉक्टरनं बजावून ठेवलं होतं, मीठ नको, साखर नको, कांदा-लसूण तर बिलकूल नको. माझ्याकडं मुलानं आणून दिलेली विजेची भट्टी, ती मी मोहर्लीला घेऊन आले. मी तिचा एवढा तोरा मिरवला, आणि पहिल्याच दिवशी लाईन गेली ती चार तास आलीच नाही. तू आपला जर्मनचा गंज, ते ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं, चुलीवर ठेवलास, तळाला नदीची वाळू घातलीस, वाळूवर ताटली, वर झाकण, झाकणावर निखारे. खालून आच, वरून आच. अर्ध्या तासात खमंग वास सुटला आणि गल्लीतली सगळी कुत्री ओट्याखाली रांगेत.

आकारावरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, पाकिटावर आहे तसंच हाड करू. तू म्हणालीस, "नाई." का? "जल्मभर त्याईले 'हाड' म्हणत आलो आपण. आता खायालेही 'हाड'च द्याचं का?" मी म्हटलं, कुत्र्याला काय कळतं. तू म्हणालीस, "मले कळते." आणि बांगडीनं दाबून गोल पाडू लागलीस. मी विळ्यानं हाडंच कापली. तुझी गोल, माझी हाडं. तिथून पैज सुरू झाली. दोन ताटल्या ओट्यावर ठेवायच्या, जिची आधी रिकामी ती जिंकली.

मी दर वेळी हरले. सगळं तेच घालायचे, वर माझं साजूक तूप, तरीही. कारण तुझ्या पिठात वाळल्या झिंग्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, चुरा असायचा. झिंगे तुझा जीव की प्राण. भाजीत झिंगे, चटणीत झिंगे, मुठीत घेऊन शेंगदाण्यांसारखे खायचीस. तू मला सांगितलंही होतंस, "थोडे झिंगे टाक, तुहीबी चालतीन." पण तुझ्याकडून शिकून जिंकण्यात काय मजा. मी सत्तरीला आलेली बाई, कुत्र्यांकडून नापास होऊन नागभीडच्या गाडीत बसायची आणि वाटभर डाव रचायची. ह्यांच्या मागं माझ्या दिवसाला काही आकार उरला नव्हता, वच्छला. तो या डावांनी दिला. हेही तुला कधी सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी मोहफुलं आणली. आता मुद्द्यावर आले बघ.

साखर घालायची नाही, पण गोडीनं कुत्री येतील, एवढंच डोक्यात होतं. वाळली मोहफुलं धुऊन दोन दिवस आधी डब्यात भिजत घातली, आणि तो डबा मांडीवर घेऊन त्या उन्हात गाडीनं आले. मोहर्लीत उतरल्यावर झाकण उघडलं तर आतून फस्स झालं. मला तो वास कळला नाही, असं मी म्हणू शकत नाही. आपल्या जिल्ह्यात जन्मलेलं कुणी मोहाच्या दारूचा वास ओळखत नाही म्हटलं, तर शेंबडं पोरही हसेल. तू चुलीतला धूर डोळ्यांनी झेलत विचारलंस, "कायचा वास येऊन राह्यला व?" मी म्हटलं, "कोहळं जरा उतरलं."

तू मानलंस. माझ्यावर विश्वास ठेवायची तुला वाईट खोड होती.

फुलं मी पिठात कालवली, हाडं कापली, भाजायला दिली. भाजली गेली त्यांतली नशा आचेवर उडून गेली. पण पीठ भिजवल्याचं, घरून आणलेलं माझं पातेलं, तळाला बोटभर आंबलेलं कच्चं पीठ, ते मी मागच्या दारी नेऊन ठेकेदारपुढं ठेवलं. धुवायचा कंटाळा. त्यानं ते असं चाटलं की मला आरसा दिसावा.

त्या दिवशी माझी ताटली आधी रिकामी झाली. मी ओट्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिले. तू म्हणालीस, "घे, जितली तू." तुझी गोल बिस्किटं ताटलीत तशीच उरली होती, आणि मी ती मोजली. इतकी मी हलकी.

संध्याकाळी ठेकेदार तिरपा चालू लागला. आपण दोघी हसलो. मी म्हटलं, "पाह्य पाह्य, लग्नातून आला." तू पोट धरून हसलीस. मग तो मागच्या दारी, खताच्या ढिगापाशी जाऊन लवंडला. देवापुढं दिवा लावायची वेळ. तू वात सरळ करत होतीस. एकच आवाज आला, अर्धा. प्रमोद टॉर्च घेऊन पळाला. धुळीत ओढत नेल्याची रेघ होती, ती घाणेरीत शिरली होती. प्रमोद म्हणाला, "बिबट आहे. पण हा भुकला कसा नाई?"

मला उत्तर येत होतं. सकाळच्या गाडीनं घरी आले आणि पातेलं तीनदा घासलं.

त्यानंतर तू बिस्किटं केली नाहीस. मला वाटलं, तुला माझा संशय आला आणि माझ्यावरचा राग तू असा काढतेस. म्हणून तर वर्षभर मी मागं लागले, कर ना, कर ना. तू पुन्हा पीठ मळलंस की समजायचं माफ केलं, असा माझा हिशेब. सांगून माफी मागायची नाही, न सांगता मिळवायची. बाई मोठी हुशार.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी तुझ्या सैपाकघरात भांडी आवरत होते. तो गंज कोपऱ्यात पालथा, वर जाळी धरलेली. मी रेखाला म्हटलं, "ह्याले काऊन असं टाकून ठेवलं?"

रेखा म्हणाली, "आई, तुले मालूम नाई?"

"काय?"

"त्या दिवशी तुहे सारे संपले, मामीचे उरले. मंग मामीनं उरलेले सारे ठेकेदारले घातले. वाया काऊन जाऊ द्याचे म्हणे. अन् मंग तो तसा गेला. मामीच्या मनानं घेतलं, का माह्याच बिस्किटानं त्याचं पोट जड झालं, म्हणून त्याले उठता आलं नाई. तवापासून झिंगे सोडले त्याईनं."

"सोडले म्हंजे?"

"काशीले जाऊन आवडीचं सोडते ना माणूस, तसे. कोणाले सांगू नोको म्हणे."

वर्षभर तुझ्या ताटात झिंगे दिसले नाहीत. मी विचारलंही होतं. तू म्हणालीस, दात दुखते. मी तुझ्या दातांची किती थट्टा केली. कवळी बसव म्हटलं, माझी जुनी देऊ का म्हटलं. तू गालात हसलीस आणि भाजीतले बटाटे खात राहिलीस.

तू गेल्याचा धक्का एकीकडं. हा दुसरा. मी समजत होते तू माझ्यावर रागावली आहेस. आणि तू माझा गुन्हा स्वतःच्या नावावर करून, त्याची शिक्षाही स्वतःच ठरवून, मुकाट्यानं भोगत होतीस. माझ्या एका वाक्यानं सुटली असतीस. एका वाक्यानं. त्या सकाळीसुद्धा वेळ होता, साडेनऊ वाजले होते.

काल तेरवीचं जेवण आटोपलं, पाहुणे पांगले, आणि घरचे मांडवात बसले होते, तेव्हा मी सांगितलं. सगळं. डबा, वास, पातेलं, कोहळं उतरल्याची थाप. प्रमोद मला म्हणाला, "आई, कुत्रं होतं ते. वर्ष झालं." तुझी शेजारीण कांताबाई म्हणाली, "तरीच. मी म्हणतच होती, हे कुत्रं आज झिंगल्यासारखं काऊन चालून राह्यलं. थोडी उरली होती का व त्यातली?" बायका हसल्या. खरं सांगते, मीही हसले. मला वाटलं, झालं, सुटले.

इवाई हसले नाहीत. तुझा नवरा बोलतो किती, तुला ठाऊकच आहे. टक्कल केलेलं डोकं खाली घालून ते सतरंजीचा दोरा ओढत राहिले. मग म्हणाले, "हे तिले सांगा लागत होतं, ईनबाई."

मी म्हटलं, "हाव."

"सांगतलं काऊन नाई?"

काय सांगणार होते? लाज वाटली, भीती वाटली, सगळं होतं. पण तोंडातून निघालं ते खरं निघालं. मी म्हटलं, "जितली होती ना मी."

त्यांनी मान हलवली, जणू हे कारण त्यांना पटलं. मग म्हणाले, "रोज दिवा लावला का ती मांगच्या दारी जाये. कडी लावाले म्हणून जाये, अन् उभीच राये. मी म्हणो, काय पाह्यतं? ती म्हणे, काई नाई. एका रोजी म्हणे, मी त्याले दोनच घातले असते त तो उठला असता." आणि ते उठले, आत गेले.

मी आज इथंच आहे, मोहर्लीत. रेखा म्हणते राहा आठ दिवस. उन्हं उतरली आहेत. हे लिहीत असताना आतून काडेपेटीचा आवाज आला, आता रेखा दिवा लावते आहे. मी वही घेऊन मागच्या दारी आले. तू इथंच उभी राहत असशील, चौकटीला खांदा लावून. इथून घाणेरी दिसते, खताचा ढीग दिसतो, बाकी काही दिसत नाही. एवढं बघायला तू रोज येत होतीस.

तर ऐक. तो माझ्या पिठानं झिंगला होता. तुझ्या बिस्किटांनी नाही. दोन घातली असतीस काय, दहा घातली असतीस काय, तो उठलाच नसता. तुझी बिस्किटं चांगली होती, वच्छला, दर वेळी माझ्यापेक्षा चांगली होती, आणि त्या दिवशी जितली कोणीच नाही. सांगतलं मी. उशिरा सांगतलं, पण सांगतलं. आता इथी उभी नोको राहू. अंदर ये, व. कडी मी लावीन.